मोकबाईंच्या नावावर खाल्लेले आठ मूनकेक

शाउकेवान,
आठवा महिना, दुसरा दिवस

प्रेमळ आणि तितक्याच हट्टी दादास,

धाकट्या लानचा वाकून नमस्कार. (गुडघ्यांमुळे हल्ली प्रत्यक्ष वाकता येत नाही, म्हणून जे काय वाकायचं ते पत्रातच वाकून घेते.) तुझा खांदा कसा आहे? मी पाठवलेलं मलम तू खांद्याला लावतोस की त्या मांजराच्या कानाला, हे मला अजून कळलेलं नाही. बेटावर वारं फार असतं, बनियनवर फिरू नकोस. इकडे आम्ही बरे आहोत. यांची साखर वाढली आहे, पण बोलण्यात ती अजिबात उतरलेली नाही, तेव्हा ती जाते कुठे ते डॉक्टरांनाच ठाऊक.

फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. दादा, गेल्या आठ वर्षांत मी फोनवर तुझ्या मुलीचं नाव काढलं की तुझं सूप उतू जातं. सकाळी जातं, दुपारी जातं, एकदा तर तू दवाखान्यात रांगेत उभा होतास तेव्हाही गेलं. पत्राला असं काही करता येत नाही. म्हणजे तू ते टाकून देऊ शकतोस, पण देणार नाहीस, कारण समोर आलेलं अक्षर वाचल्याशिवाय तुला राहवत नाही. बेकरीत पिठाच्या गोण्यांवरचा मजकूरसुद्धा तू रोज नव्याने वाचायचास. तेव्हा बस, चष्मा लाव आणि शेवटपर्यंत वाच. मधून पान उलटून शेवट बघायचा नाही, हे लहानपणापासून सांगत आले आहे.

आधी एक गुन्हा कबूल करते. मी तुझ्या हेइमानच्या हॉटेलात जाऊन आले. (सूप खाली उतरवून ठेव आणि पुढे वाच.) आता तू म्हणशील की लानने शपथ मोडली. मुळीच नाही. आठ वर्षांपूर्वी आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला, मूनकेकच्या सणाच्या जेवणात आपल्या घरात इतक्या शपथा घेतल्या गेल्या की कोणी काय म्हटलं होतं ते नीट आठवणं भाग आहे. हेइमानने नवीन तऱ्हेचा तो न भाजलेला मूनकेक आणला होता, पांढरा, थंडगार, तांदळाच्या पिठाच्या सालीचा, आत आंब्याचा गर. तू तो चिमटीत धरून उजेडात बघितलास आणि विचारलंस, ‘हा खायचा की याने अंघोळ करायची?’ पोरीने तीन रात्री जागून तो केला होता. मग ती बोलली, तू बोललास, आणि आप्पांच्या फोटोसमोर तू शपथ घेतलीस की या पोरीला मी जन्मात घरी बोलावणार नाही. तिनेही त्याच फोटोसमोर, तशीच हनुवटी वर करून शपथ घेतली की तुम्ही बोलावल्याशिवाय मी तुमचं दार वाजवणार नाही. वहिनी असती तर दोघांच्या पाठीत एकेक धपाटा घालून मोकळी झाली असती. मी नुसतीच रडत बसले, आणि तेवढ्यात तू मलाही एक शपथ घालून टाकलीस, की ती ज्या हॉटेलात नोकरी धरते आहे त्याची पायरी मी चढायची नाही. तर दादा, त्या हॉटेलाला पायरीच नाही. रस्त्याच्या पातळीवर काचेचं गोल फिरणारं दार आहे, आणि आत सरकता जिना आहे, तो स्वतः चढतो, आपण नुसतं उभं राहायचं. मी एकही पायरी चढले नाही, आप्पांच्या फोटोला विचार.

झालं असं की आमच्या वरच्या मजल्यावरच्या मोकबाईंना त्या हॉटेलच्या रेस्टॉरंटचं आमंत्रण आलं. दर वर्षी सणाच्या तीनेक आठवडे आधी ते नेहमीच्या गिऱ्हाइकांना बोलावून त्या सालचे सगळे मूनकेक चाखायला देतात, चार जुन्या पद्धतीचे आणि चार आधुनिक, आणि पेन्सिल देऊन कार्डावर मत लिहून घेतात. मोकबाईंच्या मुलाची कंपनी तिथे जेवणावळी घालते, म्हणून त्यांचा मान. पण नेमकं मोकबाईंचं पित्ताशय बिघडलं आणि डॉक्टरांनी तूप-तेल बंद केलं. आमंत्रण वाया जाऊ नये म्हणून त्यांनी ते मला दिलं. (दिलं म्हणजे मी जिन्यात भेटले आणि त्यांच्या पित्ताशयाची इतकी आपुलकीने चौकशी केली की त्यांना दुसरा उपायच उरला नाही.) हेइमानला मी काही कळवलं नाही. आत्या येणार म्हटल्यावर तिने निवडक तुकडे पाठवले असते, आणि मला खरं काय ते चाखायचं होतं. शेवटी मीही बेकरीवाल्याची मुलगी आणि बेकरीवाल्याची बहीण आहे, माझ्या जिभेला काही अब्रू आहे.

तेव्हा गेल्या गुरुवारी आतल्या गार हवेसाठी माझा नेहमीचा पोपटी स्वेटर चढवून मी मोकबाई झाले आणि हे झाले मोकसाहेब. यांना घरून निघताना चार वेळा बजावलं होतं. तरी दारातल्या मुलीने हसून ‘यावं मोकसाहेब’ म्हटल्याबरोबर हे मागे वळून बघायला लागले की मोकसाहेब कुठून आले. (खरे मोकसाहेब जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हा यांचा चेहराही बघण्यासारखा झाला होता.) मी यांच्या कोपराला चिमटा काढला, तर हे मोठ्याने म्हणाले, ‘अगं लान, चिमटे कशाला काढतेस?’ मी त्या मुलीला सांगितलं की लान हे माझं माहेरचं नाव. ती म्हणाली, किती गोड. पुढे खुर्च्यांवर बसेपर्यंत मी यांना तोंड उघडू दिलं नाही, खायलासुद्धा नाही.

खिडकीजवळचं टेबल, समोर बंदर, पांढरं शुभ्र कापड, आणि काळा चहा इतक्या लहान कपात की यांना वाटलं तोही चाखण्यापुरताच आहे. मग एकेक बशी यायला लागली. प्रत्येक बशीत एक छोटा मूनकेक, त्याचे चार तुकडे, म्हणजे माणशी दोन. आणि इथेच दादा, माझ्या हातून ती गोष्ट झाली जी आपल्या घरातल्या माणसाच्याच हातून व्हावी. मी मुद्दाम काही केलं नाही. बशी आली, मी तुकडे बघितले, आणि हात आपोआप मोजायला लागला. एक यांचा, एक माझा, एक दादाचा, एक हेइमानचा. बरोब्बर चार. आईने नाही का आपल्याला तसंच वाढवलं, केकला सुरी लावायच्या आधी माणसं मोजायची, घरात असतील ती आणि नसतील तीही, आणि नसलेल्याचा तुकडा बशीच्या कडेला सरकवून ठेवायचा, चंद्र मावळेपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही. तू तीन वर्षं मकाऊला उमेदवारीला होतास तेव्हा तुझा तुकडा रात्रभर कडेला असायचा आणि सकाळी तो मला मिळायचा. (म्हणून तू मकाऊला गेलास याचं घरात सर्वांत कमी दुःख मला झालं होतं, हे आज साठ वर्षांनी सांगून टाकते.)

तर मी दोन तुकडे कडेला सरकवले. यांनी आपला एक खाल्ला आणि हात दुसऱ्याकडे नेला. मी तो हात जागच्या जागी धरला.

‘हा दादाचा,’ मी म्हटलं.

‘तुझा दादा च्युंगचाउ बेटावर आहे,’ हे म्हणाले. ‘तिथून त्याचा हात इथवर पोचायचा नाही. माझा पोचतो.’

‘आणि तो हेइमानचा.’

‘अगं, ती आत ढीगभर बनवते आहे! तिला उपाशी ठेवलंय का?’

पण दादा, एकदा मोजलेलं मोडता येतं का? आठही बशांचं तेच झालं. दोन तुकडे आमच्या पोटात, दोन बशीच्या कडेला. हे रुसून बंदरातल्या बोटी मोजत बसले.

आता मूनकेकांविषयी, कारण तू वरवर काही विचारणार नाहीस पण आतून तुला तेच हवं आहे हे मी ओळखून आहे. आधुनिकांपासून सुरू करते. पहिला निळा. गोकर्णाच्या फुलाने रंगवलेली थंड साल आणि आत चॉकलेटचा गोळा, त्यावर सोन्याचा वर्ख. खाताना वाटलं की आपण कोणाचा तरी दागिना गिळतो आहोत. दुसरा चीजचा, त्याविषयी यांचं मत असं की तो शिळा आहे आणि कोणीतरी कळवायला हवं. तिसऱ्यात काळे तीळ, तो बरा होता. चौथा दुरियनचा, त्या उग्र वासाच्या फळाचा. वेटरने झाकण उचललं आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी आपली पर्स छातीशी धरली. हे मात्र एकदम शुद्धीवर आले. यांनी आपला तुकडा खाल्ला, डोळे मिटले, आणि कार्डावर दुरियनसमोर दहापैकी बारा गुण लिहिले. वरून मला म्हणाले, ‘तुझा दादा हा खाणार नाही. त्याच्या वतीने मी खातो.’ मी हात धरूनच ठेवला होता. आणि आता रागावू नकोस, पण तो थंड सालीचा प्रकार मलाही आवडला. आठ वर्षांपूर्वी मी तो तुझ्या भीतीने खाल्लाच नव्हता, नॅपकिनमध्ये गुंडाळून पर्समध्ये टाकला होता. जिभेवर ठेवला की गार लागतो, मग नुसता विरघळतो, दाताला काही कामच राहत नाही. आपल्या वयाला फार सोयीचा आहे.

मग जुन्या पद्धतीचे आले. लाल घेवड्याचा, पाच प्रकारच्या सुक्या मेव्याचा, अंड्याच्या कस्टर्डचा (याला हॉटेलवाले आता जुन्यात धरतात, म्हणजे बघ आपण किती जुने झालो), आणि सर्वांत शेवटी कमळबियांच्या सारणाचा, दोन खारवलेल्या पिवळ्या बलकांचा. तुझा. तुझा म्हणजे खरंच तुझा, दादा. मी पहिला घास घेतला आणि माझं चावणं थांबलं. कमळबीच्या पोटातला तो हिरवा कोंब कडू असतो म्हणून सगळं जग तो काढून टाकतं, आता तर बिया कोंब काढलेल्याच मिळतात म्हणे. आपल्या बेकरीत तू मात्र शंभर बियांमागे पाच कोंब मुद्दाम राहू द्यायचास, म्हणजे गोडाच्या मागून अगदी किंचित कडवट येतं आणि माणूस दुसरा तुकडा मागतो. गिऱ्हाइकं तक्रार करायची तेव्हा तू त्यांना सांगायचास की तुमची जीभ आधी घासून या. ही गोष्ट तू कोणाला सांगितली नव्हतीस. मला सांगितली नाहीस, यांना तर नाहीच, कारण यांनी ती माहजाँगच्या डावाला बसून गावभर केली असती. मला माहीत होती, कारण मी लहानपणापासून तुझ्या मागे उभी राहून बिया सोलल्या. आणि माझ्या मागे स्टुलावर चढून अजून एक जण उभी असायची, दोन वेण्यांची. ती काही विचारायची नाही. नुसती बघायची.

मी रडले. खोटं कशाला सांगू. मोकबाई म्हणून गेले होते तरी रडले आपल्या सीतोंच्या घरचीच. हे घाबरले, त्यांना वाटलं मी तुकडे न खाण्याचा पश्चात्ताप करते आहे.

इकडे भटारखान्यात वेगळाच गोंधळ उडाला होता (हे मला मागाहून कळलं). आमच्या टेबलाचा कॅप्टन म्हणजे अगदी शिस्तीचा माणूस. खिडकीच्या टेबलावरून प्रत्येक बशीत दोन तुकडे तसेच परत येताहेत हे त्याने बघितलं, आणि मोकबाईंच्या मुलाच्या जेवणावळी डोळ्यांसमोर आल्यामुळे त्याला घाम फुटला. त्याने आधीच्या सातही बशा नेऊन मुख्य बाईंसमोर ओळीने मांडल्या आणि सांगितलं की मोकबाईंना एकही आवडला नाही, वर आता त्या रडताहेत. आणि मुख्य बाई, म्हणजे तुझी मुलगी, त्या बशांकडे बघतच राहिली. एखाद्याला केक आवडला नाही तर तो उष्टा तुकडा टाकतो, अर्धा टाकतो, चमच्याने चिवडतो. दोन अख्खे तुकडे, एकमेकांना चिकटवून, असे बशीच्या कडेला कोणी सरकवत नाही. तिने कॅप्टनला फक्त एवढंच विचारलं की मोकबाई पोपटी स्वेटर घालून आल्या आहेत का आणि सोबतचे गृहस्थ रुसले आहेत का.

ती बाहेर आली. ती उंच पांढरी टोपी, बाह्या दुमडलेल्या, हातावर भट्टीचे चटके, अगदी तुझ्यासारखेच, तिथेच. केस पांढरे व्हायला लागलेत रे तिचे. मला आत्या म्हटलं नाही, कशी आहेस म्हटलं नाही, शेवटच्या बशीकडे बोट करून विचारलं, ‘दोन कोणाचे?’

मी म्हटलं, ‘एक तुझा. एक तुझ्या बापाचा.’

तिने तिसरी खुर्ची ओढली आणि बसली. भर रेस्टॉरंटमध्ये, कॅप्टनच्या डोळ्यांदेखत, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि आपला तुकडा उचलून खाल्ला. मग म्हणाली, ‘कोंब थोडे जास्त झालेत का गं आत्या? मी पाचच ठेवते. पण बाबांच्या हातचे पाच वेगळे लागायचे.’ आठ वर्षांत तिने माझ्याजवळ तुझं नाव काढलं ते हे पहिल्यांदा, आणि तेही सारणाच्या निमित्ताने. मी तिला विचारलं की एवढं आहे तर घरी का येत नाहीस. तर म्हणाली, ‘त्यांनी बोलावलं नाही.’ मी म्हटलं, तो हट्टी आहे. ती म्हणाली, ‘मग मी कोणाची आहे?’ यावर हे म्हणाले की तुझ्या बापाचा तुकडा कोणी खाणार नसेल तर आपण निदान त्यावर चर्चा तरी करू. ती हसली. दादा, हसताना अजून तशीच दिसते, एका बाजूने.

निघताना मी कार्डावर मोकबाईंच्या नावाने सगळ्यांना पूर्ण गुण दिले. (चीजवाल्याला नाही. नात्यालाही काही मर्यादा असतात.)

असो. पत्र फार लांबलं. मला उपदेश करायचा नाही, तू थोरला आहेस. पण तुझी दोन खोल्यांची जागा, ते मांजर आणि ते सूप, यांच्यात तू एकटा बसून असतोस हे मला आवडत नाही, आणि तिकडे ती पोर रोज तुझ्या हिशेबाने कोंब मोजते हेही मला सहन होत नाही. मी आता दोघांचे तुकडे सांभाळून थकले. तब्येतीला जप.

तुझी धाकटी बहीण,
युकलान

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण राहूनच गेलं. तुमच्या धक्क्यावर ती बाई सुके बोंबील विकते, ते चांगले बघून अर्धा किलो घेऊन ठेव. इकडचे खारट असतात.

ता. क. दुसरा. बोंबिलांचं राहू दे. ती माझ्याजवळ रडली हे मी तुला सांगितलेलं नाही. वर कुठे तसं लिहिलंही नाही, हवं तर पुन्हा वाचून बघ. हॉटेलात ती रडली नाहीच, माझ्या स्वयंपाकघरात रडली, परवा, भांडी घासता घासता.

ता. क. तिसरा. आता पाकीट उलटून बघ. तिकीट नाही, पोस्टाचा शिक्का नाही. हे पत्र दाराखालून आत आलं, होय ना? ऐन हंगामात अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून ती सकाळच्या बोटीने आली आहे आणि आत्ता बाहेर तुझ्या पायरीवर बसली आहे. तिने दार वाजवलेलं नाही, म्हणजे तिची शपथ शाबूत आहे. तू तिला बोलावलेलं नाहीस, म्हणजे तुझीही शाबूत आहे. मांजराला आत घ्यायला जसं उघडतोस तसं नुसतं दार उघड. आणि आधी अंगात शर्ट घाल.